दिवाणी दाव्यात ज्युरी मिळेल का? सातव्या घटनादुरुस्तीचा हक्क, त्याची मुदत आणि त्याच्या मर्यादा

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीतल्या एका छोट्या कंपनीची लोणची आणि मसाले पेनसिल्व्हेनियातला एक वितरक विकत होता. करार संपला, १,४०,००० डॉलरची बिलं थकली आणि वितरक अजूनही कंपनीचंच ब्रँडनाव लावून दुसऱ्याचा माल विकतो आहे. कंपनीने राज्याच्या कोर्टात दावा लावला: थकबाकी द्या आणि नाव वापरायला मनाई करा. वितरकाने दावा फेडरल कोर्टात हलवला आणि महिन्यापूर्वी कैफियत दिली. माल खराब निघाला म्हणून ५५,००० डॉलरचा प्रतिदावाही त्याने त्याच कैफियतीत घातला आहे. मालकाने वाचलं आहे की अमेरिकेच्या संविधानाप्रमाणे २० डॉलरच्या वरच्या वादात ज्युरी मिळते. ओळखीचे लोक मात्र सांगतात की मागणीची मुदत गेली, शिवाय करारात ज्युरी सोडल्याचं कलम आहे. मग निकाल एकटा न्यायाधीशच देणार का?

तसंच होईल असं नाही. थकबाकीच्या भागासाठी हक्क पक्का आहे. मुदत बहुधा वाटते तेवढी संपलेली नाही, कारण ती लोक चुकीच्या कागदापासून मोजतात. करारातलं कलम ही मात्र खरी अडचण आहे. क्रमाने घेऊ, पण आधी हा हक्क नेमका कशाचा आहे ते स्पष्ट व्हायला हवं, नाहीतर पुढचं सगळं नियमांची जंत्री वाटेल.

मूळ संविधानात ज्युरीची हमी फक्त फौजदारी खटल्यांना होती. त्यावर मोठा गदारोळ झाला आणि १७९१ साली सातवी घटनादुरुस्ती आली. तिच्यात दोन वाक्यांश आहेत. पहिला: कॉमन लॉच्या दाव्यांत, वादाची किंमत २० डॉलरपेक्षा जास्त असेल तर, ज्युरीचा हक्क जपला जाईल. दुसरा: ज्युरीने ठरवलेली वस्तुस्थिती कॉमन लॉच्या नियमांखेरीज दुसऱ्या कोणत्याही मार्गाने पुन्हा तपासली जाणार नाही. यात नवा हक्क दिलेला नाही, असलेला जपला आहे. म्हणून कोर्ट आजही विचारतं की १७९१ मध्ये इंग्लंडात असा वाद कुठे गेला असता? नुकसानभरपाई मागणारा माणूस कॉमन लॉच्या कोर्टात जायचा, तिथे ज्युरी बसायची. मनाई हुकूम, विश्वस्ताकडून हिशेब, करार प्रत्यक्ष पाळण्याचा आदेश हवा असेल तर चॅन्सरीत, म्हणजे इक्विटीच्या कोर्टात. तिथे चॅन्सेलर एकटा ठरवायचा. अमेरिकेच्या फेडरल कोर्टांत १९३८ पासून दोन्हींची कार्यपद्धती एक झाली, एकाच दाव्यात दोन्ही मागण्या येऊ लागल्या. पण ज्युरी कोणाला मिळेल ही रेघ जुन्याच जागी राहिली.

२० डॉलरच्या आकड्याकडे फार लक्ष देऊ नका. तो कधी बदलला नाही आणि आता त्याला व्यवहारात अर्थही उरलेला नाही. वेगवेगळ्या राज्यांतल्या पक्षकारांचा वाद केवळ त्या कारणाने फेडरल कोर्टात न्यायचा तर रक्कम ७५,००० डॉलरच्या वर लागते. फेडरल कायद्याखालचा दावा, उदाहरणार्थ ट्रेडमार्कचा, असेल तर अशी किमान रक्कमच नाही.

मराठी वाचकाला ज्युरी म्हटलं की १९५९ चा नानावटी खटला आठवतो, आणि तो फौजदारी होता. दिवाणी वादात सामान्य नागरिक वस्तुस्थिती ठरवतात ही कल्पना आपल्याकडे अगदीच परकी आहे असं मात्र नाही. पारशी विवाह आणि घटस्फोट कायद्याखाली मुंबईच्या पारशी वैवाहिक न्यायालयात न्यायाधीशासोबत पाच ‘डेलिगेट’ बसतात आणि वस्तुस्थितीच्या प्रश्नांवर त्यांच्या बहुमताचा कौल चालतो. भारतात ज्युरी संपली असं आपण सहज म्हणतो, पण हा कोपरा शिल्लक आहे.

आता तुमचा दावा. कसोटीला दोन पायऱ्या आहेत: हा दावा अठराव्या शतकातल्या कोणत्या दाव्याशी जुळतो, आणि मागितलेला उपाय कायद्याचा, म्हणजे कॉमन लॉचा, आहे की इक्विटीचा. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ च्या टल खटल्यात आणि त्यानंतरही सांगितलं आहे की दुसरी पायरी जास्त वजनाची. म्हणजे तुम्ही काय मागता यावर बरंच ठरतं. विकलेल्या मालाचे थकलेले पैसे ही शुद्ध कॉमन लॉची मागणी, तिथे ज्युरी. माल खराब होता म्हणून भरपाई हा वितरकाचा प्रतिदावाही तसाच. ब्रँडनाव वापरू नये असा मनाई हुकूम ही इक्विटी, तो न्यायाधीशच देणार. मधे एक निसरडी जागा आहे: ट्रेडमार्कच्या दाव्यात ‘त्याने आमच्या नावावर कमावलेला नफा आम्हाला द्या’ अशी मागणी. पैसेच मागितले आहेत म्हणून ज्युरी मिळेल असं वाटतं, पण दुसऱ्याचा नफा काढून घेणं हा बऱ्याच कोर्टांच्या मते इक्विटीचा उपाय आहे. ‘आमची विक्री इतकी घटली, ती भरून द्या’ ही मागणी मात्र कायद्याची. दोन्ही आकडे एकाच ओळीत ‘भरपाई व नफा’ असे घुसडून मागितले तर नंतर ज्युरीपुढे काय जायचं यावर विनाकारण भांडण होतं. मागण्या वेगळ्या परिच्छेदांत लिहिलेल्या बऱ्या.

तुमच्या वादाशी जवळजवळ जुळणारा निकाल १९६२ चा आहे: डेअरी क्वीन विरुद्ध वुड. तो खटलाही पेनसिल्व्हेनियातल्याच फेडरल कोर्टातला. ट्रेडमार्क वापरण्याचा परवाना दिलेला, पैसे थकल्याचा आरोप, आणि मागणी मनाई हुकमाची व ‘हिशेबाची’. खालच्या कोर्टाने म्हटलं की मुख्य मागणी इक्विटीची आहे, पैशांचा भाग आनुषंगिक, म्हणून ज्युरी नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं. थकबाकीला हिशेब असं नाव दिल्याने ती इक्विटी होत नाही, आणि कायद्याची मागणी कितीही लहान असली तरी तिच्यावरचा ज्युरीचा हक्क जात नाही. त्याच्या तीन वर्षं आधी, १९५९ च्या बीकन थिएटर्स खटल्यात, क्रम ठरला होता. दोन्ही मागण्यांत वस्तुस्थिती सामाईक असेल तर आधी ज्युरी ठरवते, मग न्यायाधीश इक्विटीचा भाग बघतो, आणि सामाईक मुद्द्यांवर ज्युरीने जे ठरवलं त्याला न्यायाधीश बांधील असतो. तुमच्या बाबतीत करार नेमका कधी संपला हा मुद्दा थकबाकीतही येतो आणि मनाई हुकमातही. ज्युरीने ‘मार्चमध्ये संपला’ म्हटलं तर न्यायाधीशाला तो जूनपर्यंत चालू होता असं धरता येणार नाही. म्हणून प्रकरणाचा मोठा भाग इक्विटीचा दिसत असला तरी ज्युरी सोडून देऊ नये. सामाईक मुद्द्यांची यादी करून ती खटलापूर्व आदेशात लिहून घ्यावी. हे राहून गेलं की न्यायाधीश स्वतःचे निष्कर्ष लिहून मोकळे होतात आणि मग ते अपिलात उलटवण्यात वर्ष जातं.

मुदत. फेडरल दिवाणी कार्यपद्धतीचा नियम ३८ सांगतो की ज्युरीची मागणी लेखी हवी आणि त्या मुद्द्याला उद्देशून असलेला शेवटचा ‘प्लीडिंग’, म्हणजे दावा-कैफियतीच्या जातीचा कागद, बजावल्यापासून १४ दिवसांत ती बजावली पाहिजे आणि कोर्टात दाखलही झाली पाहिजे. नाही केली तर हक्क सोडला असं धरतात. हेतू असो वा नसो, फरक पडत नाही. घटनेतला हक्क केवळ गप्प राहिल्याने जातो हे लोकांना पटत नाही, पण नियम तसाच आहे.

मुदत गेली म्हणण्याआधी तीन कागद काढा.

पहिला, तुमचा मूळ दावा, जो राज्याच्या कोर्टात दाखल झाला. न्यू जर्सीत वकील दाव्याच्या शेवटी सहीच्या आसपास ज्युरीच्या मागणीची एक ओळ बहुधा टाकतातच. ती असेल आणि राज्याच्या नियमाप्रमाणे वैध असेल तर दावा फेडरल कोर्टात आल्यावर पुन्हा मागणी करावी लागत नाही, नियम ८१ तसं स्पष्ट सांगतो. राज्याच्या कोर्टात दाव्यासोबत भरायच्या माहितीपत्रकावर ‘ज्युरी: हो’ अशी खूण आहे एवढ्यावर विसंबू नका. फेडरल कोर्टाच्या कव्हर शीटचंही तेच, तिथली चौकट फक्त कारकुनी नोंद आहे आणि ती प्लीडिंगची जागा घेत नाही. मागणी ‘दिसते’ म्हणून सगळे निश्चिंत, आणि खटल्याच्या तोंडावर समोरचा वकील उभा राहून सांगतो की ती कधी बजावलीच नव्हती. या चौकटींनी असे घोळ भरपूर घातले आहेत.

दुसरा, वितरकाची कैफियत. त्याने ज्युरी मागितली असेल तर तुम्हाला वेगळी मागायची गरज नाही. एकाने केलेली वैध मागणी पक्षकारांच्या संमतीशिवाय मागे घेता येत नाही, ती ज्या मुद्द्यांवर आहे त्यांवर दुसरा पक्ष विसंबू शकतो. मात्र त्याने ‘फक्त प्रतिदाव्यावर’ अशी मर्यादित मागणी केली असेल तर उरलेल्या मुद्द्यांसाठी ती बजावल्यापासून १४ दिवसांत तुम्ही स्वतः मागावं लागतं.

तिसरा कागद सगळ्यात महत्त्वाचा: प्रतिदाव्याला तुम्ही दिलेलं उत्तर. मुदत वितरकाच्या कैफियतीपासून मोजायची असं ओळखीच्यांनी धरलं आहे. पण कैफियतीत प्रतिदावा असेल तर त्यावरचं तुमचं उत्तर हाही प्लीडिंगच आहे, आणि प्रतिदाव्याचे मुद्दे तुमच्या दाव्यात गुंतलेले असतील तर शेवटचा प्लीडिंग तोच ठरतो. समजा प्रतिदावा ३ मार्चला बजावला. उत्तराला २१ दिवस मिळतात, म्हणजे २४ मार्च. तुम्ही त्याच दिवशी दिलंत तर ज्युरीची मागणी ७ एप्रिलपर्यंत चालते. माल खराब होता का आणि पैसे देणं लागतं का हे दोन मुद्दे सुटे करताच येत नाहीत, म्हणून कराराच्या भागावर ही गणना टिकायला हवी. ट्रेडमार्कचा भाग प्रतिदाव्यात नसेल तर त्यापुरती मुदत कैफियतीपासून चालू झाली, असा युक्तिवाद समोरून येईल आणि त्यात दम आहे. मोजताना पहिला दिवस सोडायचा, सुट्ट्या धरून सगळे दिवस मोजायचे, आणि शेवटचा दिवस शनिवार, रविवार किंवा सरकारी सुट्टीचा आला तरच पुढच्या कामाच्या दिवसावर जायचं. टपालाने बजावणीसाठी मिळणारे जादा तीन दिवस इलेक्ट्रॉनिक बजावणीला मिळत नाहीत. ती सवलत २०१६ मध्ये काढली गेली.

काही जण सुचवतील की दाव्यात दुरुस्ती करा, म्हणजे नवी मुदत मिळेल. मिळते, पण दुरुस्तीने आलेल्या नव्या मुद्द्यापुरती. त्याच वस्तुस्थितीवर नुसतं नवं कायदेशीर लेबल चिकटवलं तर जुन्या मुद्द्यांचा हक्क परत येत नाही.

मुदत खरंच गेली असेल तर नियम ३९ प्रमाणे अर्ज करून न्यायाधीशाला विनंती करता येते, आणि तिथे कोर्ट कुठलं आहे त्यावर बरंच अवलंबून असतं. फेडरल अपील कोर्टांचे विभाग, म्हणजे सर्किट, आहेत; न्यू जर्सी व पेनसिल्व्हेनिया तिसऱ्या सर्किटमध्ये येतात. तिथे पाच गोष्टी तपासतात: मुद्दा ज्युरीसाठी योग्य आहे का, कोर्टाचं वेळापत्रक विस्कटेल का, समोरच्याचं नुकसान होईल का, उशीर किती, आणि कारण काय. न्यूयॉर्कच्या दुसऱ्या सर्किटमध्ये ‘नजरचुकीने राहिलं’ एवढं कारण पुरत नाही, कॅलिफोर्नियाच्या नवव्यातही नाही. टेक्सासचं पाचवं सर्किट बरंच उदार आहे, सबळ कारण नसेल तर नाकारू नये अशी तिथली भूमिका. तुमच्याकडे अर्ज करायचा तर आजच करावा. साक्षी-कागदपत्रांची देवाणघेवाण सुरू होण्याआधी केलेला अर्ज आणि खटल्याच्या तारखेच्या आधी महिनाभर केलेला अर्ज यांचं भवितव्य सारखं नसतं.

आता करारातलं कलम. दोन वेगळ्या गोष्टी लोक एकत्र करतात. ‘पक्षकार ज्युरीचा हक्क सोडत आहेत’ असं कलम असेल तर दावा कोर्टातच चालतो, फक्त न्यायाधीशापुढे. ‘वाद लवादापुढे जाईल’ असं असेल तर कोर्टच नाही, आणि १९२५ च्या फेडरल लवाद कायद्यामुळे ते कलम मोडणं फार अवघड जातं. तुमचं पहिल्या प्रकारचं असेल असं धरतो. फेडरल कोर्टात असं कलम टिकण्यासाठी ते जाणीवपूर्वक आणि स्वेच्छेने स्वीकारलेलं असावं लागतं. न्यायाधीश बघतात: कलम ठळक होतं का, की शेवटच्या पानावर बारीक टाइपात इतर कलमांच्या मध्ये दडवलेलं, दोन्ही बाजूंची सौदा करण्याची ताकद किती असमान होती, सही करणाऱ्याला धंद्याचा अनुभव होता का, वकील होता का, आणि अटी बदलून मागण्याची संधी होती का. छोट्या कंपनीचा मालक स्वतः करार करून आला, मसुदा वितरकाचा छापील, एक अक्षर बदललं गेलं नाही, अशी स्थिती असेल तर लढण्यासारखं आहे. त्या काळातले ईमेल शोधा. ‘हा आमचा स्टँडर्ड करार आहे, यात बदल होत नाहीत’ असं वितरकाच्या माणसाने लिहिलेलं एक वाक्य इथे दहा पानी युक्तिवादापेक्षा उपयोगी. उलट तुम्ही दर, मुदत, प्रदेश यांवर घासाघीस करून मसुद्यात बदल करवून घेतले असतील तर कलम टिकेल असंच धरून चला. सिद्ध करायची जबाबदारी कोणावर, यावर सर्किटांत एकमत नाही.

कलमाची व्याप्तीही वाचा. ‘या करारातून उद्भवणारे वाद’ एवढंच लिहिलं असेल तर करार संपल्यानंतर ब्रँडनाव वापरण्याचा गैरप्रकार त्यात बसतो की नाही यावर वाद घालता येतो. ‘या करारातून किंवा पक्षकारांमधील संबंधांतून’ असं रुंद असेल तर फारशी जागा राहत नाही.

हाच करार कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली असता तर चित्र उलटं होतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ग्राफ्टन पार्टनर्स खटल्यात ठरवलं की वाद होण्याआधीच करारात ज्युरी सोडता येत नाही. जॉर्जियातही तसंच आहे. बे एरियातल्या मराठी उद्योजकांनी न्यूयॉर्कचा कायदा लागू करणाऱ्या करारावर सही करण्याआधी हा फरक ध्यानात घ्यावा. कायदा कुठल्या राज्याचा, या एका ओळीत ज्युरी जाऊ शकते.

दावा राज्याच्या कोर्टातच राहिला असता तर सातवी घटनादुरुस्ती लागूच झाली नसती. १९१६ च्या बॉम्बोलिस निकालापासून ती फक्त फेडरल कोर्टांना बांधते, राज्यांवर नाही. बहुतेक राज्यांच्या स्वतःच्या घटनेत दिवाणी ज्युरीचा हक्क आहे, लुइझियाना हा ठळक अपवाद. पण तपशील फार वेगळे. न्यू जर्सीत दिवाणी ज्युरी साधारणपणे सहा जणांची आणि सहापैकी पाच जणांचं मत पुरतं. मागणीची मुदत १४ नव्हे, १० दिवस. कॅलिफोर्नियात बारा जण आणि नऊ मतं, शिवाय प्रत्येक बाजूने १५० डॉलरची परत न मिळणारी ज्युरी फी वेळेत भरावी लागते, ती चुकली तरी हक्क सोडल्यासारखं होतं. फेडरल कोर्टात अशी फी नाही. तिथे सहा ते बारा जण बसतात, सहसा सात-आठ निवडतात म्हणजे कोणी आजारी पडलं तरी सहा उरतात, आणि पक्षकारांनी वेगळं ठरवलं नसेल तर निकाल एकमताने लागतो. वितरकाने दावा फेडरल कोर्टात नेण्यामागे हेही एक कारण असू शकतं: न्यू जर्सीत पाच मतांवर जिंकणारा वादी इथे एका हट्टी माणसामुळे अडकू शकतो.

काही ठिकाणी फेडरल पातळीवरही ज्युरी नाही, आणि तिथे अपेक्षा ठेवून वेळ घालवू नये. अमेरिकन सरकारच्या कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणाबद्दल सरकारवर केलेला दावा न्यायाधीशच चालवतो, कारण सरकार आपल्या संमतीच्या अटींवरच कोर्टात येतं. सरकारी यंत्रणांनी आपल्या अंतर्गत न्यायाधीशांपुढे दंड लावण्याबाबत १९७७ च्या ॲटलस रूफिंग निकालाने मोठी मोकळीक दिली होती. २०२४ च्या जार्केसी निकालाने ती आवळली: शेअर बाजार नियामकाला फसवणुकीबद्दल दिवाणी दंड हवा असेल तर प्रतिवादीला ज्युरीचा हक्क आहे. जुना निकाल रद्द मात्र झालेला नाही, म्हणून कुठल्या यंत्रणेचा कुठला दंड कोणत्या बाजूला पडतो यावर अजून वर्षानुवर्षं खटले चालतील.

नोकरीतल्या भेदभावाच्या दाव्यांत टायटल सेव्हन या फेडरल कायद्याखाली ज्युरी १९९१ पासून आहे. तीही हेतुपुरस्सर भेदभावाची भरपाई मागितली तर, आणि त्या भरपाईला कंपनीच्या आकाराप्रमाणे ५०,००० ते ३,००,००० डॉलरची कमाल मर्यादा आहे. ही मर्यादा ज्युरीला सांगायची नसते. ज्युरी वीस लाख देते, न्यायाधीश ते कापतो आणि बातमीत फक्त पहिला आकडा छापून येतो. बुडालेला पगार हा तिथे इक्विटीचा विषय धरतात. वंश किंवा पूर्वजांच्या मूळ देशावरून ओळखल्या जाणाऱ्या वांशिक गटामुळे झालेला भेदभाव असेल तर दुसऱ्या एका फेडरल कायद्याच्या कलम १९८१ (हा कलमाचा क्रमांक, साल नव्हे) खाली स्वतंत्र दावा होतो, त्याला ही मर्यादा नाही. दोन्ही कलमं दाव्यात आहेत का ते आपल्या वकिलाला विचारा. अर्थात आयटी कंपन्यांच्या नोकरीच्या करारात लवादाचं कलम इतकं सर्रास असतं की ज्युरीचा प्रश्न निघण्याआधीच विषय संपतो. लैंगिक छळाच्या दाव्यांना मात्र २०२२ च्या कायद्याने त्यातून बाहेर पडायची मुभा दिली.

तुमच्यासाठी एक सावधगिरी, जी पुरवठादार हमखास विसरतात. वितरक मधेच दिवाळखोरीत गेला तर थकबाकीसाठी दिवाळखोरी कोर्टात क्लेम दाखल करायचा मोह होतो. पण दिवाळखोरीआधीच्या ९० दिवसांत त्याने तुम्हाला काही बिलं चुकवली असतील तर ट्रस्टी, म्हणजे दिवाळखोराची मालमत्ता सांभाळणारा, ते पैसे ‘पक्षपाती फेड’ म्हणून परत मागू शकतो. तुम्ही क्लेम दाखल केला नसेल तर त्या वादात तुम्हाला ज्युरीचा हक्क आहे. दाखल केला असेल तर गेला. १९८९ चा ग्रॅनफिनान्सिएरा आणि १९९० चा लँगनकँप निकाल एकत्र वाचले की हेच निघतं. क्लेमची रक्कम आणि परत मागितली जाऊ शकणारी रक्कम शेजारी ठेवून मग ठरवा.

ज्युरी मिळाली असं धरू. मागायची की नाही हा निर्णय तरीही वेगळा आहे. तुमची बाजू बिलं, डिलिव्हरीच्या पावत्या आणि तारखांवर उभी असेल आणि समोरच्याकडे फक्त तक्रारी असतील तर न्यायाधीशही चालेल, स्वस्तात आणि लवकर. ‘नाव आमचं लावून माल दुसऱ्याचा विकला’ ही गोष्ट मात्र ज्युरीला लगेच भिडते, म्हणून माझा कल मागण्याकडे आहे. मागितलेली ज्युरी दोघांच्या संमतीने सोडता येते. न मागितलेली सहज परत मिळत नाही. समोरच्याला तडजोडीच्या टेबलावर आणायलाही तिचा उपयोग होतो. फेडरल दिवाणी दाव्यांपैकी ज्युरीपर्यंत पोचणारे एक टक्काही नाहीत, बाकीचे तडजोडीत, बरखास्तीत किंवा समरी जजमेंटमध्ये संपतात. समरी जजमेंट म्हणजे महत्त्वाच्या वस्तुस्थितीवर खरा वादच नाही म्हणून न्यायाधीशाने खटल्याविना दिलेला निकाल. ज्युरीचा हक्क सर्वात जास्त वेळा इथेच संपतो, तोही कायदेशीरपणे. माल चांगला होता याचं शपथपत्र कंपनीच्या मालकाने ‘आमचा माल नेहमी उत्तम असतो’ अशा शब्दांत दिलं तर उपयोग नाही. बॅच क्रमांक, तपासणीची तारीख, कोणी तपासलं, वितरकाने तक्रार कधी केली, हे सगळं हवं.

खटल्यात जिंकणं-हरणं पुष्कळदा निकालपत्राच्या नमुन्यावर ठरतं. न्यायाधीश ज्युरीला नुसतं ‘कोण जिंकलं आणि किती’ असं विचारू शकतो किंवा एकेक प्रश्न देऊ शकतो. तुमच्या वादात सुटे प्रश्न मागा: वितरकाने माल स्वीकारला का? सदोष असल्याची सूचना वाजवी वेळेत दिली का? न दिली तर प्रतिदावा तिथेच पडतो, कारण माल स्वीकारल्यावर खरेदीदाराने वाजवी वेळेत कळवलं नाही तर व्यापारी संहितेप्रमाणे त्याचा उपाय जातो. मग करार कोणत्या तारखेला संपला, थकबाकी किती, आणि त्यानंतरच्या विक्रीत नाव वापरलं का. एखादा मुद्दा प्रश्नपत्रिकेतून सुटला आणि ज्युरी विचारविनिमयाला जाण्याआधी तुम्ही तो मागितला नाही, तर तेवढ्या मुद्द्यावरचा ज्युरीचा हक्क गेला, न्यायाधीश तो स्वतः ठरवू शकतो. उत्तरं परस्परविरोधी आली, म्हणजे ‘सूचना दिली नाही’ आणि तरी ‘प्रतिदाव्यात २०,००० डॉलर’, तर ज्युरीला घरी सोडण्याआधीच हरकत घ्यावी लागते. त्या क्षणी सगळे आकड्यांची बेरीज करत असतात. नमुन्याची प्रत हातात घेऊन फक्त विसंगती शोधायला एका माणसाला बसवा.

ज्युरीच्या निवडीबद्दल थोडंच सांगायचं आहे. प्रत्येक बाजूला कारण न देता तीन जणांना नाकारता येतं, पण वंशावरून किंवा लिंगावरून नाही. दिवाणी खटल्यांनाही हे लागू आहे, वंशाबाबत १९९१ च्या एडमन्सन निकालापासून. फेडरल कोर्टात बरेच प्रश्न न्यायाधीशच विचारतो, म्हणून तुम्हाला हवे ते प्रश्न आधी लेखी द्यावेत.

निकाल लागल्यावर सातव्या दुरुस्तीचा दुसरा वाक्यांश कामाला येतो. ज्युरीने ठरवलेली वस्तुस्थिती न्यायाधीशाला पटली नाही एवढ्यावर तो ती बदलू शकत नाही. कुठलीही समंजस ज्युरी या पुराव्यावर असं ठरवूच शकली नसती, असं असेल तरच नियम ५० खाली तो वेगळा निकाल देतो. आणि तो अर्ज प्रकरण ज्युरीकडे सोपवण्याआधी एकदा करून ठेवलेला असावा लागतो, नंतर फक्त त्याचं नूतनीकरण होतं. आधी केला नसेल तर नंतरचा अर्ज चालत नाही. हे वेडगळ वाटतं, पण कारण सातव्या दुरुस्तीतच आहे: १९३५ च्या रेडमन निकालात न्यायालयाने म्हटलं की ज्युरीच्या कौलानंतरचा वेगळा निकाल तेव्हाच वैध, जेव्हा तो कायद्याचा प्रश्न कॉमन लॉच्या पद्धतीने आधीच राखून ठेवलेला असतो. रक्कम अवाजवी मोठी असेल तर न्यायाधीश ‘कमी रक्कम स्वीकारा, नाहीतर नवा खटला’ असा पर्याय देऊ शकतो. फार कमी असेल तर फेडरल कोर्टात ती वाढवता येत नाही, फक्त नव्या खटल्याचा आदेश देता येतो. न्यू जर्सीच्या राज्य कोर्टात वाढवताही येते. नियम ५० चा नूतनीकरणाचा अर्ज आणि नव्या खटल्याचा अर्ज, दोन्हींना निवाड्याची नोंद झाल्यापासून २८ दिवस आहेत, आणि ही मुदत न्यायाधीशालाही वाढवता येत नाही.